घाट उतरताना ऊर्जा जाते कुठे?

प्रश्न: घाटात गाडी न्यूट्रल करून उतरलं तर डिझेल वाचतं, असं मित्र छातीठोकपणे सांगतो. खरं आहे का?

नाही. हल्लीच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा थांबतो. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर. इंजिनच बंद करण्याचा शहाणपणा तर नकोच. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारी सोय) आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात.

प्रश्न: टायरचं घर्षण, हवेचा रोध एवढं असताना ट्रकचे ब्रेक का तापतात?

कारण ते दोन्ही मिळून कमी पडतात. २५ टनांचा ट्रक १० किलोमीटरमध्ये ५०० मीटर खाली आला, की सुमारे १२ कोटी ज्यूल मोकळे होतात, म्हणजे विजेच्या हिशेबात ३४ युनिट. ताशी ४० च्या वेगाने टायर आणि हवा मिळून त्यातले जेमतेम २ कोटी खातात. उरलेल्या १० कोटींत ३०० लिटर पाणी सहज उकळेल! ही सगळी उष्णता चाकातल्या ब्रेकच्या ड्रममध्ये गेली तर ड्रम फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

हळू उतरल्याने ऊर्जा कमी होत नाही, पण ब्रेकना निवायला वेळ मिळतो. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम म्हणूनच पक्का आहे: मग उष्णतेचा मोठा वाटा इंजिन उचलतं.

प्रश्न: उतारावर माझा वजनदार मित्र सायकल न मारताही पुढे जातो. जड-हलकं सारख्याच वेगाने पडतं, या गॅलिलिओच्या म्हणण्याचं काय?

गॅलिलिओचं म्हणणं हवा नसताना. वजन वाढलं की ओढ त्याच प्रमाणात वाढते, हवेचा रोध तेवढा वाढत नाही. ५ टक्के उतारावर सायकलसह ७० किलोंचा गडी साधारण ताशी ४१ वर स्थिरावेल, ९० किलोंचा ४६ वर. चढावर हिशेब चुकता करा.

प्रश्न: लोणावळ्याहून कर्जतला उतरणारी रेल्वे वीज परत देते का?

देते, इंजिनात तशी सोय असेल तर. ब्रिटिशकाळातल्या जीआयपी रेल्वेच्या 'खेकडा' नावाच्या विजेच्या इंजिनांतही ती होती. तिथला चढ ३७ला १, म्हणजे टनामागे २७ किलोंची ओढ; लोखंडी चाकांचा रोध दोन-तीन किलोंचा. बाकीची ऊर्जा मोटर उलटी, जनित्रासारखी चालवून तारेत ढकलता येते. तेवढ्याच वजनाची दुसरी गाडी मात्र या परत मिळालेल्या विजेवर घाट पूर्ण चढणार नाही: रोध दोघींनाही भोवतो, आणि मोटर, ट्रान्सफॉर्मर, तार आपापला वाटा कापून घेतात.