फुल्व्हियाचा चासी नंबर नव्याने ठोकून घेऊ नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. इटलीतून आणलेली १९७२ ची लॅन्चिया फुल्व्हिया कूपे जर्मनीत नोंदणीला अडकली आहे, कारण कागदावरच्या चासी नंबरात ८१८ नंतर टिंब आहे आणि पत्र्यावर नाही. माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं.

ऐतिहासिक गाडी म्हणून नोंदणीसाठीची तीस वर्षांची अट, विमा, तपासणी हे तुम्हाला ठाऊक असणारच. खरा त्रास आमच्या नोंदणी कार्यालयाचा (नाव घेत नाही). खिडकीवरचा माणूस बदलला की मागणी बदलायची. हेलपाट्यांत अख्खा उन्हाळा गेला. शेवटी सल्ला काय, तर "शेजारी नवा नंबर ठोकून घ्या, विषय संपेल."

विषय संपत नाही, गाडीची ओळख संपते! सगळ्या फुल्व्हिया ८१८ च, पुढचे तीन आकडे मॉडेल सांगतात. पहिल्या १.६ एचएफ (१.६ लिटर इंजिनाची रॅलीसाठीची आवृत्ती) जेमतेम सव्वा हजार बनल्या, त्यामुळे साध्या १.३ ला मोठे दिवे लावून एचएफ म्हणून खपवलेल्या गाड्या बाजारात आहेत. अशा वेळी मूळ ठोकलेला नंबर हाच पुरावा. शेजारी दुसरा दिसला की पुढचा घेणारा शंका घेणारच.

आणि ही गाडी जपण्यासारखी आहे. व्ही-४ इंजिनातल्या सिलिंडरच्या दोन रांगा इतक्या जवळ, की दोन्हींवर मिळून एकच हेड (सिलिंडरवरचं झाकण) बसतं. १९७२ ची माँटे कार्लो रॅली सांद्रो मुनारी आणि मारिओ मान्नुच्ची यांनी १.६ एचएफवर जिंकली, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीनं पोर्शे ९११ ला मागे टाकून. रॅलीतलं उत्पादकांचं आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदही त्या वर्षी लॅन्चियाचंच. लोक दिनो या स्पोर्ट्स गाडीमागे धावतात, पण फियाटनं १९६९ मध्ये घेण्याआधीची लॅन्चिया काय होती ते मला फुल्व्हियातच जास्त कळतं. हे माझं मत.

माझं काम दोन कागदांनी झालं: इटलीच्या वाहन नोंदवहीतला जुन्या मालकांचा उतारा, आणि लॅन्चियाच्या जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या तोरिनोच्या (तुरीन) हेरिटेज विभागाचं, गाडीचं मूळ सांगणारं प्रमाणपत्र. दोन्हींचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन करून घ्या. मग इटालियन गाड्या ओळखणारा तपासनीस शोधा आणि टिंब केवळ आकडे वेगळे करायला आहे, असं त्याच्या अहवालात लिहून घ्या. तो अहवाल गेल्यावर आमचं कार्यालय गप्प बसलं. मी वकील नाही. तुमच्या जिल्ह्यात वेगळं काही मागतील, म्हणून आधी लेखी विचारा. तोंडी उत्तर दुसऱ्या दिवशी कोणी मानत नाही. मूळ लिब्रेत्तो (इटालियन नोंदणी पुस्तिका) कार्यालयवाले ठेवून घेतात, त्याआधी प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढा.

तोवर गाडी लिफ्टवर घेऊन पुढची सबफ्रेम (इंजिन पेलणारी चौकट) बॉडीला बोल्टनं बसते ती जागा ठोकून बघा. फुल्व्हिया तिथे हमखास सडते. पत्रा गेला असेल तर रंग नंतर, आधी वेल्डिंग.