एकाच स्थानिक बिल्डरने वसवलेल्या उपनगरात लहानपण कसं जातं? तिथे मुलांना घेऊन राहायला जावं का?

मी अशाच ठिकाणी वाढलो. सगळी घरं सारखी दिसतात याचं मुलांना काहीच वाटत नाही, ती तक्रार पाहुण्यांची. उलट सोयच होते: मित्राकडे पहिल्यांदा गेलं तरी बाथरूम कुठे, दिव्याचं बटण कुठे, हे विचारावं लागत नाही.

बिल्डर स्थानिक असला की तो तिथेच राहतो. रस्त्यांना त्याच्या मुलांची नावं, आणि त्यातलं एखादं तुमच्याच वर्गात. छत गळायला लागलं की मोठी माणसं त्याला रस्त्यातच गाठायची. पण शाळेच्या कार्यक्रमात तो पहिल्या रांगेत बसायचा, त्यामुळे जाहीरपणे कुणी काही बोलत नसे.

लहानपणावर खरा परिणाम झाला तो त्याने न बांधलेल्या गोष्टींचा. आमच्या आणि मागच्या गल्लीतली अंगणं पाठीला पाठ लावून होती, पण मधून पायवाट नव्हती. तेवढ्यात अजून एक घर बसत होतं ना! मित्र हाकेच्या अंतरावर, तरी त्याच्याकडे जायचं तर हमरस्त्यावरून वळसा. म्हणजे घरातलं कुणी गाडी काढेपर्यंत थांबा. मैदान म्हणून सोडलेला तुकडा इतका उताराचा की चेंडू थांबायचाच नाही. बांधकाम चालू होतं तोवर वाळूचे ढीग आणि अर्धवट भिंती तरी होत्या खेळायला.

अमेरिकेतलं लेविटटाउन हे या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांत लेविट अँड सन्सने १९४७ ते १९५१ या काळात १७ हजारांवर घरं उभी केली. तळघर गाळलं, कामाचे पंचविसाहून जास्त टप्पे पाडले, आणि प्रत्येक टोळी आपलं एकच काम करत घरामागून घर पुढे सरकायची. पोहण्याचे तलाव, मैदानं, दुकानंही दिली. त्या बाबतीत तिथली मुलं आमच्यापेक्षा नशीबवान. पण कुंपण घालायला बंदी होती, आणि सुरुवातीच्या करारात गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहायचं नाही अशी अटही होती. अशा अटी न्यायालयं अमलात आणू शकत नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, तरी कंपनीचं धोरण बदललं नाही. याच कंपनीने पेनसिल्व्हेनियात वसवलेल्या दुसऱ्या लेविटटाउनमध्ये १९५७ साली पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आलं, तेव्हा घरासमोर जमाव जमून दगडफेक झाली. शेजारी कोण आणि वर्गात कोण, हेसुद्धा बिल्डरच ठरवत होता.

तुम्ही जाणार असाल तर सॅम्पल घराच्या आधी ले-आउटचा नकाशा बघा. घरापासून शाळेपर्यंत मूल एकटं चालत जाऊ शकेल का, ते बोट फिरवून तपासा. आणि 'नियोजित शाळा' असा प्लॉट दाखवला, तर ती बांधणार कोण आणि कधी, हे लेखी घ्या. आमच्या तशा प्लॉटवर शेवटी घरंच झाली.