‘सर्वधर्म परिषद’ की ‘आंतरधर्मीय संवाद’?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वेगवेगळ्या धर्मांची सात-आठ जाणती मंडळी एकत्र बसणार, प्रत्येक जण आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगणार आणि बाकीचे ऐकणार. ठराव नाहीत, सामूहिक प्रार्थना नाही. निमंत्रणपत्रिकेवर याला काय म्हणावे? ‘सर्वधर्म परिषद’, ‘आंतरधर्मीय संवाद’ की ‘धर्मसंसद’? शिवाय ‘आंतरधर्मीय’ बरोबर की ‘अंतरधर्मीय’?

शेवटचा उपप्रश्न सोपा आहे, तो आधी उरकू. ‘अंतर्’ लागलेले मराठीतले शब्द बहुधा आतले काही सांगतात: अंतर्मन, अंतर्गत, अंतर्बाह्य. त्या न्यायाने ‘अंतर्धर्मीय’ म्हणजे एकाच धर्माच्या आतले, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातले किंवा शैव आणि वैष्णव यांच्यातले. दोन किंवा अधिक गटांमधले सांगायला मराठीने ‘आंतर’ रूढ केले: आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरमहाविद्यालयीन. संस्कृतात ‘आंतर’चाही अर्थ ‘आतला’ असाच असल्याने काटेकोर मंडळी नाक मुरडतात. पण रूढी पक्की झाली आहे, आता मागे फिरण्यात हशील नाही. ‘अंतरधर्मीय’ हे हिंदी वळणाचे रूप. ते मराठी वाचकाला आधी लांबी-रुंदीतले अंतर दाखवते, आणि या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तेवढे तरी नको.

मात्र ‘आंतरधर्मीय’ला एक शेपूट आहे. हा शब्द उच्चारला की मराठी कानाला पुढे ‘विवाह’ ऐकू येतो. म्हणून ‘आंतरधर्मीय मेळावा’ कृपया छापू नका. बायोडेटा घेऊन पालक हजर होतील. पुढे ‘संवाद’ जोडला की गैरसमजाला जागा उरत नाही.

आता ‘सर्वधर्म परिषद’. हा शब्द मराठीत इतका ओळखीचा आहे तो 1893च्या शिकागोमुळे. तिथे जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने 11 ते 27 सप्टेंबर असे सतरा दिवस जे भरले, त्याच्या इंग्रजी नावात संसदेचा शब्द होता. मराठीने तो शब्दशः न घेता ‘परिषद’ म्हटले, आणि ते बरे केले. स्वामी विवेकानंद, जैनांचे प्रतिनिधी वीरचंद गांधी, सिंहली बौद्ध अनागारिक धर्मपाल यांची नावे या शब्दाशी जोडली गेली. पुढे 1903मध्ये विठ्ठल रामजी शिंदे अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्म परिषदेला गेले, तिथेही आपण ‘परिषद’च म्हणतो. या शब्दात व्यासपीठ आहे, अध्यक्ष आहे, प्रतिनिधी आहेत, निबंधवाचन आहे, समोर श्रोतृवृंद आहे. तुमच्या सात-आठ जणांच्या बैठकीला हा अंगरखा सैल होईल.

त्याहून मोठी अडचण ‘सर्व’ची. शिकागोतसुद्धा ‘सर्व’ धर्म नव्हते: शिखांचा प्रतिनिधी नव्हता आणि ज्या भूमीवर परिषद भरली तिथल्या मूलनिवासींच्या धर्मपरंपरांचाही नव्हता. सतरा दिवस चाललेल्या परिषदेला जे जमले नाही ते एका दुपारच्या कार्यक्रमाने पत्रिकेवर कशाला कबूल करावे? तुमच्याकडे पाच धर्मांचे लोक येणार असतील तर ‘विविध’ हा शब्द प्रामाणिक आहे. ‘बहुधर्मीय’ही सुचवला जातो, पण तो समाजाचे किंवा देशाचे वर्णन करायला बरा, बैठकीला नीरस वाटतो.

‘सर्वधर्म’मागे आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि माझ्या मते नाव ठरवताना तीच सर्वांत महत्त्वाची. शिकागोचे निमंत्रण इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्माधिकारी, कँटरबरीचे आर्चबिशप, यांनी नाकारले. त्यांचा आक्षेप प्रवासाला किंवा खर्चाला नव्हता, थेट नावालाच होता. संसदेचा सदस्य व्हायचे तर इतर सदस्य आपल्या बरोबरीचे आहेत हे गृहीत धरावे लागते, आणि ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत ते आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी कळवले. त्यांची भूमिका आज कुणाला कोती वाटेल. शब्दाचे वाचन मात्र अचूक होते. आपल्याकडे ‘सर्वधर्म’ म्हटले की ‘समभाव’ पाठोपाठ येतो, गांधीजींच्या एकादशव्रतांतही ‘सर्वधर्मसमानत्व’ आहे. ते व्रत थोरच. पण व्रत ही स्वेच्छेने घ्यायची गोष्ट. प्रवेशद्वारावरची अट नव्हे. आपलाच धर्म पूर्ण सत्य आहे असे मनोमन मानणारा माणूसही शेजाऱ्याचे नीट ऐकू शकतो. तोही यायला हवा असेल तर नाव असे हवे की दारातच त्याच्याकडून सही मागितली जाणार नाही.

इटलीतल्या असिसी गावी 1986च्या 27 ऑक्टोबरला पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मप्रमुखांना शांततेसाठी बोलावले, तेव्हा हा पेच व्हॅटिकनने शब्दांतच सोडवला: आपण प्रार्थनेसाठी एकत्र येत आहोत, एकत्र प्रार्थना करायला नव्हे. वाचताना शब्दच्छल वाटतो, पण त्या दिवसाची आखणीच यावर बेतलेली होती. प्रत्येक परंपरेने आधी गावातल्या वेगवेगळ्या जागी आपली प्रार्थना केली. मग सगळे चर्चसमोर जमले आणि एकेकाने आपापल्या रीतीने प्रार्थना केली, इतरांनी स्तब्ध राहून साथ दिली. म्हणून ‘सर्वधर्म प्रार्थनासभा’ हे नाव तुमच्या कार्यक्रमाला लावूच नका. प्रार्थना होणार नाही हे तुम्ही स्वतःच सांगता आहात.

‘धर्मसंसद’ आणि ‘धर्मसभा’ यांवर फार वेळ नको. दोन्ही शब्द एकाच धर्मातल्या आचार्यांच्या किंवा साधूंच्या बैठकांसाठी रुळले आहेत. धोरणाचे ठराव करणारी सभा असा त्यांचा ध्वनी आहे, तुमच्या बैठकीच्या अगदी उलट.

उरला ‘संवाद’, आणि इथे थोडे थांबायला हवे. न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्व समजून घेण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. मराठीने ‘जल्प’ जवळजवळ विसरून टाकला, ‘वितंडवाद’ ठेवला आणि सभ्य ‘वाद’ला भांडणाच्या रांगेत नेऊन बसवले. त्यामुळे वादाचे मूळ काम ‘संवाद’च्या अंगावर पडले. अकबराने 1575मध्ये फत्तेपूर सिक्रीत इबादतखाना सुरू केला. आधी मुसलमान पंडित, पुढे हिंदू, जैन, पारशी आणि 1580पासून गोव्याहून आलेले जेझुइट पाद्री. नावाप्रमाणे ते उपासनेचे घर, प्रत्यक्षात तिथे बराचसा जल्पच झाला. हल्लीच्या भाषेत आपण त्याला ‘धर्मचर्चा’ म्हणू, ‘संवाद’ म्हणताना जीभ अडखळेल.

मराठीत ‘संवाद’ हा शब्द या विषयाशी निदान चारशे वर्षे जोडलेला आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघे एकमेकांच्या देवाची, पूजेची, ग्रंथांची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि अखेरीस समेटापर्यंत येतात. म्हणजे संवादात गोडगोडच बोलायचे असते असे नाही, खडाजंगीही त्यात मावते. परदेशी कल्पनेसाठी नवा शब्द घडवायच्या खटपटीत आपण घरातला असा तयार शब्द विसरतो.

त्याचे आजचे दुखणे वेगळे आहे. ‘मंत्रिमहोदयांनी विद्यार्थ्यांशी संवाद साधला’ या वाक्याचा अर्थ मंत्री तासभर बोलले आणि विद्यार्थी गप्प होते, हे प्रत्येक मराठी वाचकाला कळते. ‘साधला’ हे क्रियापद जोडले की संवाद एकतर्फी होतो. म्हणून पत्रिकेत ‘संवाद साधतील’ लिहू नका. सात जण ओळीने भाषणे करणार असतील तर त्याला सरळ ‘परिसंवाद’ म्हणा, तो शब्द त्यासाठीच आहे.

तुमच्या मसुद्यातले ‘आपले अनुभव वाटून घेतील’ हे इंग्रजी अनुभव आहेत, मराठी नव्हेत. मराठीत खाऊ वाटतात, काम वाटून घेतात. अनुभव सांगतात, मनोगत मांडतात. विचारांची देवाणघेवाण होते. तसेच ‘एकमेकांना ऐकतील’ नको, ‘एकमेकांचे ऐकून घेतील’ हवे. नुसत्या ‘ऐकणे’मध्ये आज्ञा पाळण्याची छटा आहे, ‘तो माझे ऐकत नाही’ याचा अर्थ त्याचे कान शाबूत नाहीत असा होत नाही. अशा बैठकीला येताना अनेकांच्या मनात हीच धास्ती असते, की समोरच्याचे ऐकले म्हणजे मानले. ‘ऐकून घेणे’ ती काढून टाकते: पुरते ऐकले, मध्ये तोडले नाही, पटले की नाही ते माझ्यापाशी. (त्याला ‘बोलणी खाणे’ असाही अर्थ आहे, पण ‘एकमेकांचे’ जोडल्यावर तो मागे पडतो.) ‘श्रवण करतील’ने मात्र कीर्तनाचा थाट येईल.

निमंत्रितांना सरसकट ‘धर्मगुरू’ म्हणू नये. बहाई धर्मात पुरोहितवर्ग नाही, शीख धर्मात दीक्षित पुरोहित नसतात, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कित्येक सभांना नेमलेला पाद्री नसतो. ‘धर्मप्रतिनिधी’ म्हणावे तर तो माणूस साऱ्या धर्माच्या वतीने बोलतो असे होते, आणि अनुभव तर त्याचा एकट्याचा. प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या परंपरेतला शब्द लिहावा: मौलाना, रब्बी, भिक्खू, फादर, ग्रंथी. एकत्रित उल्लेखाला ‘विविध धर्मांतील जाणकार’ पुरेल.

मराठीत परधर्मीय, स्वधर्मीय असे शब्द आहेतच. ‘धर्मीय’ म्हणजे त्या धर्माचा माणूस. एकमेकांशी बोलतात ती माणसे, धर्म नव्हे. म्हणून उपक्रमाचे सामान्य नाव म्हणून ‘आंतरधर्मीय संवाद’ अगदी बरोबर असले, तरी पत्रिकेवर मी ‘विविध धर्मीयांचा संवाद’ असे छापेन, आणि खाली बारीक अक्षरांत: ‘प्रत्येक जण आपला अनुभव सांगेल, इतर ऐकून घेतील. भाषणे, ठराव आणि सामूहिक प्रार्थना नाहीत.’