सुदानमध्ये लेकरांना ढेप का खाऊ घालून राहिले?

प्रश्न : नमस्कार ताई, मी धारणी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मोबाईलवर सुदानचा व्हिडिओ आला होता, बाया शेंगदाण्याची ढेप शिजवून लेकरांना देऊन राहिल्या होत्या. आमच्याकडे ढेप म्हशीले टाकतात हो. एवढं मोठं युनो आहे, ट्रकच्या ट्रक धान्य जाते म्हणतात, मग असं कसं? अन् तिकडे लेकरं लाल-पांढऱ्या पुड्यातून चोखतात ते काय असते, आपल्याला घरी बनवता येईल का?

उत्तर : ताई, ढेपेचं खरं आहे. सुदानच्या पश्चिमेला दारफुर भागात एल फाशर शहर आहे, त्याला मे २०२४ पासून आरएसएफ नावाच्या निमलष्करी फौजेनं वेढलं होतं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शहर घेतलं. मधल्या काळात आत धान्य जाईना, जे होतं ते परवडेना, तेव्हा लोकांनी तेल काढून उरलेली ढेप खाल्ली, तिकडे तिला अंबाझ म्हणतात, अन् शेवटी शेवटी तीही मिळेना. त्यात ढेपेला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते शिजवूनही जात नाही.

सुदान म्हणजे नुसतं वाळवंट असं डोक्यात असेल तर काढून टाका. तिथं ज्वारी पिकते, तिचं पीठ आंबवून पातळ किसरा करतात, कापूस होतो, भुईमूग होतो, तीळ होतो, निळ्या नाईलच्या कालव्यावर गेझिराचा केवढा तरी ओलिताचा पट्टा आहे. १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि आरएसएफची आपसात जुंपली, त्या डिसेंबरात आरएसएफ गेझिरात घुसली, शेतकरी वावरं सोडून पळाले, गोदामं लुटली गेली. पेरायलाच कोणी उरलं नाही तर पिकणार काय?

ट्रक निघतात हो, पण त्यांना वाट कोण देतं? जून २०२५ मध्ये डब्ल्यूएफपी, म्हणजे युनोचा अन्न कार्यक्रम, आणि युनिसेफचे १५ ट्रक पोर्ट सुदानहून १,८०० किलोमीटरच्या वर चालून एल फाशरच्या अलीकडे अल कोमापर्यंत पोचले, पुढं जायच्या परवानगीसाठी थांबले होते, तिथंच हल्ला झाला, ५ माणसं गेली, ट्रक जळाले. शेजारच्या चाड देशाकडून आद्रेच्या सीमेवरची वाट आहे, ती तर लष्कराच्या सरकारनंच फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केली, शस्त्रं येतात म्हणून, अन् उघडली ऑगस्टमध्ये, तोवर एल फाशरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत उपासमारीचा दुष्काळ जाहीर झाला होता. जाहीर कधी करतात माहितीये? ३० टक्के लेकरं तीव्र कुपोषित आणि १० हजारात रोज २ मृत्यू, तेव्हा कुठं. म्हणजे जाहीर होईस्तोवर किती गेले असतील! मला विचाराल तर याला दुष्काळ म्हणणंही कमी आहे, हे वाट अडवून उपाशी मारणं आहे, आणि दोन्ही बाजूंनी केलंय.

जिथं ट्रक गेले नाहीत तिथं गल्लीतल्या पोरापोरींनी इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम नावानं सामूहिक चुली पेटवल्या, डाळ नाहीतर ज्वारीची पेज वाटली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तशा त्यातल्या शेकडो चुली विझल्या.

आता पुडा. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, व्हिटॅमिन, मिनरल, ९२ ग्रॅमचा एक पुडा म्हणजे ५०० कॅलरी. १९९६ मध्ये फ्रान्सच्या आंद्रे ब्रियां यांनी नुट्रीसेट कंपनीसोबत काढला. यात पाणी घालावं लागत नाही, चूल लागत नाही, म्हणून छावणीत स्वच्छ पाणी नसलं तरी चालतो. पूर्वी सॅमचं, म्हणजे अति तीव्र कुपोषित, प्रत्येक लेकरू दवाखान्यात भरती करायचे, २००७ मध्ये डब्ल्यूएचओ, युनिसेफ वगैरेंनी मिळून सांगितलं की भूक शाबूत असलेलं, दुसरा आजार नसलेलं लेकरू घरीच बरं होतं. निवड दंडाचा घेर मोजायच्या पट्टीनं, तुमच्याकडची तीच, ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलं की सॅम.

घरी बनवायचं म्हणाल तर सॅमच्या लेकरासाठी नको. शेंगदाणा-गुळाचा लाडू चांगलाच, रोज द्या, पण त्यात मोजून घातलेले मिनरल नाहीत, इलाज म्हणून तो पुरत नाही. आणि फार खंगलेल्या, न खाणाऱ्या लेकराला एकदम भरपूर खाऊ घालणं तर धोक्याचंच, शरीराला ते झेपत नाही, हृदयावर येऊ शकतं, म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात आधी एफ-७५ नावाचं हलकं दूध थोडंथोडं देतात. गृहभेटीला गेल्या की लेकराच्या दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून पाहत जा. दोन्हीकडे खड्डा तसाच राहिला तर पट्टी हिरवी दाखवो की पिवळी, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आजी म्हणेल की लेकरू गुटगुटीत दिसते, तिला समजावून सांगा की ही सूज आहे.