देवासमोर येताना: उपासनेविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : प्रभू येशूने देवाला ‘पिता’ म्हणायला शिकवले. मग आमचे पाळकसाहेब उपदेशात वारंवार ‘देवाचे भय’ का सांगतात? (एक वाचक, भायखळा)

हा प्रश्न मुद्दाम आधी घेतला आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया यातच आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाच्या कृपासनाजवळ धैर्याने येण्याचे आमंत्रण आहे आणि त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी आदराने व भयाने उपासना करण्याचा आग्रह आहे, कारण आपला देव भस्म करणारा अग्नी आहे. पत्र लिहिणाऱ्याला या दोन गोष्टींत विसंगती दिसली नाही. देवाजवळ जाण्याची मोकळीक आपण कमावलेली नाही, ती ख्रिस्ताच्या रक्ताने मिळाली आहे, आणि इतकी मोठी किंमत दुसऱ्याने मोजली आहे हे ज्याला उमगले, तो त्या मोकळिकीचा उपयोग बेफिकिरीने करू शकत नाही.

बायबलमध्ये भयाचे दोन प्रकार दिसतात आणि त्यांची गल्लत झाली की असे प्रश्न उभे राहतात. एदेन बागेत आदाम भ्याला आणि झाडांआड लपला. यशया संदेष्ट्यालाही, त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील दर्शनात, आपला आता नाश झाला असे वाटले. तेथे सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळचे स्वर्गीय सेवकसुद्धा, आपल्या सहा पंखांपैकी दोन पंखांनी मुख आणि दोन पंखांनी पाय झाकून उभे होते. पण यशया लपला नाही. त्याने ओठांची अशुद्धता कबूल केली, वेदीवरील निखारा ओठांना लागला, आणि त्यानंतर ‘हा मी आहे, मला पाठव’ असे तोच म्हणाला. पाळकसाहेबांना अभिप्रेत असलेले भय हे दुसरे आहे, असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या मंडळीत तरुणांनी ड्रम आणि गिटार आणल्यापासून वडीलधारी नाराज आहेत. मोठ्या आवाजातील संगीत हा देवाचा अनादर आहे काय? (युवक संघाची एक कार्यकर्ती, मालाड)

आवाज हा आदराचा मापदंड नाही. 150 वे स्तोत्र डफ, तंतुवाद्ये आणि झणझणाऱ्या झांजा घेऊन देवाची स्तुती करायला सांगते. 2 शमुवेलचा सहावा अध्याय दोन्ही पिढ्यांनी एकत्र बसून वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्यात कराराच्या कोशाला, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीला, हात लावल्याने उज्जा मरण पावतो आणि त्याच कोशापुढे दावीद राजा सर्व बळाने नाचतो. वाद्ये तर उज्जा मरण पावला त्या मिरवणुकीतही होती. कोश लेव्यांनी, म्हणजे उपासनेच्या सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशाने, दांड्यांच्या आधारे खांद्यावर वाहायचा, हा देवाने घालून दिलेला नियम होता. तो विसरून कोश गाडीवर ठेवला गेला. पुढे दाविदाने चूक सुधारली, आणि मग तो नाचला तेव्हा कमीपणा त्याच्याकडे नव्हे, तर खिडकीतून त्याला तुच्छ लेखणाऱ्या त्याच्या पत्नीकडे, मीखलकडे आला.

आपल्या मराठी मंडळीला तर हा वाद नवा वाटू नये. 1895 मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत रुजवला, आणि ती भजने आज ज्येष्ठांनाच सर्वांत प्रिय आहेत.

तरुणांना मात्र मी कळकळीने एक विचारतो : तुमच्या स्पीकरपुढे मागच्या बाकावरील आजींना स्वतःचे गाणे ऐकू येते का? मंडळीचा आवाज बुजवून गायन मंडळच तेवढे ऐकू येत असेल, किंवा गाणी लांबल्याने पापांगीकार आणि शास्त्रवाचन उरकावे लागत असेल, तर उपासनेचा केंद्रबिंदू सरकला आहे. घड्याळाकडे पाहत म्हटलेले जुने, संथ गीतही याच दोषाला पात्र आहे.

प्रश्न : वयामुळे मला गुडघे टेकता येत नाहीत. खुर्चीवर बसून केलेली प्रार्थना कमी आदराची ठरते का? (एक ज्येष्ठ भगिनी, वांद्रे)

मुळीच नाही. इ.स. 325 च्या नायसिया परिषदेने तर रविवारी गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करावी असे ठरवले होते, कारण तो पुनरुत्थानाचा दिवस. भारतातील कॅथलिक मंडळीला 1969 मध्ये पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून लवून नमन करणे आणि आरती या गोष्टी उपासनेत आणण्याची परवानगी मिळाली. शरीराने आदर दाखवणे चांगलेच आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते आळसाने टाळू नये. परंतु लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी (धर्मनियम कसोशीने पाळणारा) आणि जकातदार (लोक पापी समजत तो करवसुली करणारा) हे दोघेही उभेच होते, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो ऊर बडवून दया मागणारा जकातदार.

प्रश्न : मेगाब्लॉकमुळे चर्चला जाणे जमले नाही, की मी मोबाइलवर उपासना लावून स्वयंपाक करते. हे योग्य आहे का? (एक वाचक, विक्रोळी)

अडचण खरी असेल तर घरून सहभागी व्हा, पण तेवढा वेळ गॅस बंद ठेवा आणि घरच्यांना सोबत बसवा.

प्रश्न : वडिलांच्या खोलीवरून भावाशी माझे बोलणे बंद आहे. आम्ही एकाच चर्चमध्ये प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) घेतो. मन खाते. काय करावे? (एक वाचक, परळ)

आपले मन खाते, ही देवाची कृपा आहे. करिंथ येथील मंडळीत काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. ‘अयोग्य रीतीने’ भाकर खाण्याविषयी पौलाने दिलेला इशारा या वागण्याच्या संदर्भात आहे. अर्थात, देवाच्या मेजाशी येऊन भावाला तुच्छ मानणे हाच तेथील अनादर होता. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करावा. चूक कोणाची, हे तेथे विचारलेले नाही.

प्रभुभोजनापासून कायमचे दूर राहणे हा यावरचा उपाय नव्हे. खोलीच्या हिश्श्याचा निर्णय वकील किंवा घरातील वडीलधारे करतील. त्यासाठी बोलणे बंद ठेवण्याची गरज नाही. पुढील प्रभुभोजनाच्या रविवारआधी भावाकडे स्वतः जा, हिश्श्याचा विषय न काढता आपल्या कठोर शब्दांची क्षमा मागा. त्याने दार लावून घेतले, तरी रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायानुसार, आपल्याकडून होईल तितके आपण केलेले असेल, आणि आपण मेजाशी यावे.