यूकेत शिकताना स्टुडंट युनियनच्या 'वेल्फेअर अँड कॅम्पेन्स ऑफिसर' (विद्यार्थ्यांच्या अडचणी आणि त्यांसाठीच्या मोहिमा बघणाऱ्या) पदासाठी उभं राहावं का? भारतीय मुलांच्या मतांवर निवडून येता येतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही येत. याच समजुतीपायी मी 2023 च्या मार्चमध्ये 31 मतांनी हरले.

उभं मात्र जरूर राहा. व्हिसाची धास्ती नको. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा असते, पण युनियनच्या निवडून आलेल्या सॅबॅटिकल (म्हणजे अभ्यासातून सुट्टी घेऊन किंवा तो संपवून करायच्या) पदाला ती लागत नाही. पूर्ण वेळ, पगारी काम करता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. विद्यापीठाची स्पॉन्सरशिप तेवढी चालू राहायला हवी.

मी कोल्हापूरची, बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) तिथेच केलं. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. 2016 च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण मी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत आमच्या कॉलेजात काही मतदान झालं नाही. त्याच 1994 साली ब्रिटनने कायदा करून विद्यार्थी संघटनांची मुख्य पदं गुप्त मतदानानेच भरायची सक्ती केली. त्यामुळे उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या एम.आर्क.ला आले तेव्हा मी आयुष्यात एकाही विद्यार्थी निवडणुकीत मत दिलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी आम्ही चौघी एका जुन्या विटांच्या टेरेस घरात (रांगेतलं, शेजारच्या घराला भिंत लागून असलेलं घर) राहायचो. नोव्हेंबरात माझ्या पलंगामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. घरमालकाच्या एजंटला ईमेल केला तर उत्तर आलं की तुम्ही घरात कपडे वाळत घालता आणि झाकण न ठेवता स्वयंपाक करता, म्हणून ओल येते. ते वाचून माझं डोकं फिरलं. भिंती हाच माझा अभ्यास! ती भिंत भरीव विटांची होती, मध्ये पोकळी नाही, आतून थंडी अडवणारं अस्तर नाही, आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा आम्ही राहायला आलो तेव्हापासून बंद. खोलीतली दमट हवा त्या गार भिंतीला लागली की पाणी सुटणारच, मग तुम्ही डाळीवर झाकण ठेवा नाहीतर ठेवू नका. मी दर आठवड्याला त्या कोपऱ्याचे फोटो काढले, भिंतीचं तापमान मोजून वहीत लिहून ठेवलं. जूनमध्ये घर सोडलं तर एजंटने 'बुरशीच्या साफसफाईसाठी' चौघींच्या डिपॉझिटमधले निम्म्याहून जास्त पैसे कापले.

मी ती वही घेऊन युनियनच्या सल्ला केंद्रात गेले. तिथल्या बाईंनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "डिपॉझिट कुठल्या स्कीममध्ये ठेवलंय?" इंग्लंडमध्ये घरमालकाला डिपॉझिट 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं, नाही ठेवलं तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. आम्ही तिन्ही योजनांच्या साइटवर शोधलं. कुठेच नव्हतं. एक पत्र गेलं आणि दोन आठवड्यांत पै न पै परत आली.

त्यानंतर लोक माझ्याकडे यायला लागले. एक नायजेरियन जोडपं, माझ्या स्टुडिओतली चिनी मैत्रीण, खालच्या मजल्यावरचा वेल्श मुलगा. मी त्यांच्याबरोबर बसून ईमेल लिहायचे, फोटो तारीखवार लावायचे. 2022 च्या नोव्हेंबरात रॉचडेलच्या अवाब इशाकच्या मृत्यूच्या चौकशीचा निकाल आला. दोन वर्षांचं पोर, डिसेंबर 2020 मध्ये गेलं, घरातल्या बुरशीने. कोरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) तसं स्पष्ट म्हटलं. त्याच्या आईवडिलांनाही राहणीमानावरूनच ऐकवलं होतं, हे वाचलं आणि ठरवलं की उभं राहायचं. माझ्या मॅनिफेस्टोत तीनच मुद्दे होते: भाड्याच्या घरांतल्या बुरशीच्या तक्रारींची युनियनने नोंद ठेवावी, परदेशी मुलांसाठी विद्यापीठाने गॅरंटर व्हावं, म्हणजे भाड्याची हमी घ्यावी (काही विद्यापीठं होतात), आणि करारावर सही करण्याआधी तो फुकट तपासून मिळावा.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहितेय ते. माझा कॅम्पेन मॅनेजर सातारचा, जिवाभावाचा मित्र. त्याचं गणित पक्कं होतं: आपल्या पोरांची एकगठ्ठा मतं मिळाली की झालं. सगळा जोर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मी म्हणायचे की ज्यांचे डिपॉझिट सोडवलेत ते सगळे भारतीय नाहीत, त्यांच्या हॉलमध्ये जाऊया, लेक्चरआधी दोन मिनिटं बोलूया. तो म्हणायचा, वेळ नाही.

विरोधात दोघं. एक तिसऱ्या वर्षाचा इंग्रज मुलगा आणि एक व्हीलचेअर वापरणारी मुलगी, जी बंद लिफ्टवरून वर्षभर विद्यापीठाशी भांडत होती. मतदान चालू असतानाच, त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या ग्रुपवर मराठीत आणि हिंदीत मेसेज फिरला: 'फक्त आपल्यालाच 1 नंबर द्या. ती स्वतः दुसऱ्यांच्या मदतीवर, ती काय वेल्फेअर बघणार.' मी लिहिला नव्हता. मॅनेजरने लिहिला होता. संध्याकाळपर्यंत कोणीतरी भाषांतर करून स्क्रीनशॉट पसरवला. मला त्याच क्षणी उघड माफी मागायची होती. तो म्हणाला, "आत्ता माफी मागितलीस तर आपणच केलं असं होईल." मी ऐकलं. रात्री त्या मुलीला एकटीला मेसेज केला. तिने "धन्यवाद" एवढंच लिहिलं.

इथे बहुतेक युनियनमध्ये पसंतीक्रमाने मत देतात, आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात देतात तसं. आमच्या यादीत शेवटी 'री-ओपन नॉमिनेशन्स' (यातलं कोणीच नको, अर्ज पुन्हा मागवा) हाही पर्याय होता. पहिल्या फेरीत मी पुढे होते. मग ती मुलगी बाद झाली आणि तिची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली गेली. जवळजवळ सगळी त्या मुलाकडे गेली. लिफ्टसाठी भांडणाऱ्या मुलीचे मतदार आणि बुरशीसाठी भांडणारी मी, यांच्यात खरं तर काहीच अंतर नव्हतं. अंतर त्या मेसेजने पाडलं.

मित्र आजही म्हणतो की आपली पोरं आळशी, मतदानाला उतरली नाहीत, म्हणून हरलो. माझ्याकडे फेरीनिहाय आकडे आहेत. 'आपल्या' लोकांनी भरभरून मतं दिली होती. कमी पडली ती दुसरी पसंती, आणि ती मागायला आपण त्या लोकांच्या दारात कधी गेलोच नाही. तुमच्या ग्रुपमध्येही असं गणित मांडणारा कोणीतरी असेल. त्याला पोस्टर चिकटवायचं काम द्या, मेसेज लिहायचं देऊ नका. तुमच्या नावाने काही वाईट फिरलं तर त्याच तासाला, उघडपणे, स्वतःच्या नावाने माफी मागा, मतं गेली तरी.

काही गोष्टी राहिल्या. तुमची एमएस्सी एक वर्षाची असेल तर नीट विचार करा: पद साधारण जुलैत हातात येतं आणि तुमचा प्रबंध ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतो. दोन्ही एकदम झेपणं अवघड आहे. विभागाशी आणि इंटरनॅशनल ऑफिसशी अर्ज भरण्याआधी बोला. प्रचाराच्या खर्चाला मर्यादा असते, पावत्या जपून ठेवा. युनियन ही चॅरिटी असते आणि सॅबॅटिकल ऑफिसर बहुतेक ठिकाणी तिचे ट्रस्टीही असतात, म्हणजे निम्मा वेळ मोर्चात गेला तर उरलेला बजेटच्या बैठकांत जाईल. आणि वेल्फेअर म्हणजे समुपदेशन नव्हे. रडत आलेल्या मुलीला तुम्ही स्वतः सावरायचं नसतं, तिला योग्य माणसापर्यंत पोचवायचं असतं. हे मला सल्ला केंद्रातल्या त्या बाईंनीच सांगितलं.

तो मुलगा निवडून आल्यावर मी माझी बुरशीची वही त्याला नेऊन दिली. त्याने ती घेतली आणि तक्रारींची नोंद ठेवायला खरंच सुरुवात केली. तुम्ही अर्ज भरण्याआधी तुमच्या सल्ला केंद्रात जा आणि तिथे सगळ्यात जास्त कुठल्या तक्रारी येतात ते विचारा. तुमचा मॅनिफेस्टो तिथेच मिळेल.