जुनी लेझर घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

कुलाब्याच्या त्या लेझरचे, म्हणजे एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीचे, फोटो पाहिले. रंग नवा आहे, आणि म्हणूनच सांगतो, टोकन इतक्यात देऊ नकोस. विकायच्या तोंडावर मारलेल्या रंगाखाली काय आहे ते आधी बघायचं. शीड, दोर, कप्प्या, टिलर (सुकाणूचा दांडा) हे सगळं पैसे टाकले की नवं मिळतं. हल, म्हणजे होडीचं मुख्य अंग, खराब निघाला तर होडीच गेली. तपासणीचा बहुतेक वेळ त्यालाच दे.

सुरुवात वजनापासून कर. लेझरचा रिकामा हल साधारण 59 किलोचा. आदल्या रात्री ड्रेन प्लग (आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) काढून होडी मागच्या बाजूला कलती ठेवायला सांग. घरातले दोन वजनकाटे ने, एक पुढे, एक मागे, आणि आकड्यांची बेरीज कर. दोनतीन किलो जास्त भरले तर चालतील. दहा किलो जास्त भरले, तर पाणी डेकच्या, म्हणजे होडीच्या वरच्या पाटाच्या, थरांत मुरलंय, आणि आपल्या दमट हवेत ते सहजी सुकत नाही.

मग डोलकाठी बसते ते भोक. लेझरला आधाराच्या तारा नसतात, वाऱ्याचा सगळा जोर त्या एका नळीवर आणि तिच्या भोवतालच्या डेकवर येतो. त्यात वाळू साचते, डोलकाठी फिरत राहते आणि तळ झिजतो. भोक काठोकाठ पाण्याने भर, पातळीवर पेन्सिलीने खूण कर, पंधरा मिनिटं थांब. पातळी उतरली तर गळती आहे. नंतर डोलकाठी उभी करून कुणाला तरी ती पुढेमागे हलवायला सांग, आणि तू डेकला कान लाव. करकर ऐकू आली किंवा डेक वरखाली झाला, तर सांधा सुटलाय. इपॉक्सीने दुरुस्ती होते, पण डेकला झाकण कापून आत हात घालावा लागतो. तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा. तशीच समुद्रात नेलीस तर डोलकाठी डेक फाडून बाहेर येईल.

गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. कॉकपिटमध्ये, म्हणजे पाय ठेवायच्या खोलगट जागेत, हवा खेळायला एक बारीक भोक असतं, त्यावर चिकटपट्टी लाव. ड्रेनच्या भोकाला रबरी नळी घट्ट बसवून तोंडाने हलकेच फुंक. सायकलचा पंपही नको, सांधे उलतात. हल आणि डेकचा जोड, सेंटरबोर्डची (मधून पाण्यात उतरणाऱ्या फळीची) खाच, बेलर (पाणी बाहेर सोडायची झडप) आणि सुकाणूच्या बिजागरीचे स्क्रू इथे फेस लाव. बुडबुडे आले तिथे पाणी शिरतं. हे सकाळी लवकर कर. उन्हात आतली हवा फुगते आणि अंदाज चुकतो.

दहाच्या नाण्याने सगळा तळ ठोकत जा. आवाज खणखणीत हवा. बद्द वाजला तिथे थर सुटलेत. कॉकपिटमध्ये टाच दाबून बघ.

डोलकाठीचे दोन तुकडे सपाट फरशीवर लोळव, बाक लगेच दिसतो. वरच्या तुकड्यावर, तो खालच्यात बसतो त्या कॉलरच्या रिव्हेटपाशी पांढरी भुकटी किंवा चीर असेल तर तो तुकडा तिथेच मोडणार. शिडाची शिवण नखाने खरवड. दोरा तुटला तर उन्हाने खाल्लाय. एकाच हलवर तीन मापांपैकी कुठलंही शीड लावता येतं, 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटर, आणि प्रत्येकासाठी डोलकाठीचा खालचा तुकडा वेगळा. तुझ्या वजनाला मोठं शीड झेपणार नाही, मधलं बघ.

इथवर सगळं ठीक निघालं तरच पाण्यात उतरव. दुपारी खारा वारा धरला की जा, पण अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळ. त्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, आणि ओहोटीची ओढ नवख्याला झेपत नाही. सोबत एक सेफ्टी बोट हवीच. अर्धा तास चालव, मुद्दाम एकदा उलटव, सरळ कर.

जागेचं मात्र पैसे देण्याआधी पक्कं कर. जून ते सप्टेंबर होडी कुठे राहणार, महिन्याला किती पडणार, आधीच्या मालकाची क्लबात थकबाकी आहे का, हे लेखी घे. बिलावर हलचा नंबर लिहून घे आणि तो होडीवरच्या नंबराशी ताडून बघ.

उलटवून आणलीस की किनाऱ्यावर प्लग काढ आणि निघालेलं पाणी मापून मला कळव. कपभर असेल तर किमतीचं बोलू. लिटरच्या वर असेल तर दुसरी बघू.